नऊ नंबरची ओंबी

१४, हॉलिन्स टेरेस
११ मार्च

प्रिय बाबा,

तुम्ही विनी आत्याकडे जाऊन आज बारा दिवस झाले. समुद्राची हवा मानवतेय ना? आत्याने रोज मासे खाऊ घालून कंटाळा आणला असेल. इकडचं बर्फ वितळलं. वारा अजून बोचतो, पण दुपारी ऊन आपल्या रांगेवर येतं आणि बावीसही घरांचे काजळलेले दगड कडांकडून मधासारखे दिसू लागतात. काल मी खालच्या वळणावर उभी राहून बघत होते. चढावरचं प्रत्येक घर शेजारच्यापेक्षा हातभर उंच, छपरांचा जिना, त्यावर धुराड्यांच्या जोड्या. मोजायला मी इथेच शिकले.

दम्यामुळे मला शाळेत घातलं नाहीत. वाचणं आईने शिकवलं, बाकी सगळं तुम्ही. दारांवरच्या दगडांत कोरलेली पानं मला अक्षरांच्या आधी येत होती. चारला ओक, सातला आयव्ही, नऊला गव्हाची ओंबी. अपूर्णांक तर तुमच्या गवंडीकामातल्या चुन्याच्या ढिगाऱ्यावर शिकले, एक भाग चुना, तीन भाग वाळू. तुम्ही म्हणायचात, "सांध्याने झिजायचं, लिड, दगडाने नाही. सांधा पुन्हा भरता येतो." सिमेंट कडक असतं, भिंतीतलं पाणी कोंडून धरतं, मग ते गोठलं की दगडाचाच चेहरा उडतो, हे मला सातव्या वर्षी पाठ होतं. हे मुद्दाम लिहितेय. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

नऊ नंबरच्या मिसेस सग्डेन बऱ्या आहेत. ओंबीचे पडलेले तुकडे त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. "माझी आई ह्या ओंबीखालून नवरी होऊन आली," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आणि आता बघा, चहाबरोबर खायला काढलीय!" हसतात, पण दारातून आत जाताना वर बघायचं त्यांनी सोडलंय.

जानेवारीत ओंबी फुटून पडली त्यानंतरची ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. संरक्षित इमारतींचे अधिकारी पिकर्सगिल शिडीवर चढले, चाकूचं टोक सांध्यात घातलं आणि ते आत जाईना. "वॉल्टर, अरे हे तर सिमेंट आहे! तू? चाळीस वर्षं लोकांना शिव्या घालतोस यावरून!" तुम्ही वर गेलात, अंगठ्याने सांधा चोळलात. मग म्हणालात, "ढीग मीच कालवला होता. माझ्याशिवाय कोण?" मी खाली बादली धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, कारण माझा संशय तुमच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

त्यानंतर तुम्ही स्वतःविरुद्ध पुरावे गोळा करायला लागलात. चष्मा सापडला नाही, किटली जळली, शेजारच्या फिलिप्सच्या धाकटीचं नाव आठवेना. चष्मा तर तुमचा नेहमीच हरवतो, बाबा. आई असतानाही हरवायचा. पण तुम्ही सांधे भरायची करणी पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ज्याला काय कालवलं ते आठवत नाही, त्याने दुसऱ्याच्या भिंतीला हात लावू नये." मी ती घेतली. तुम्ही उलट मलाच थोपटलंत.

आता सांगते. नऊ नंबरचे सांधे भरायच्या कामाचा तो शेवटचा दिवस होता, दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली की चुना बंद, हा तुमचा नियम, पण पावसामुळे काम लांबलं होतं आणि फक्त ओंबीभोवतीचे सांधे उरले होते. त्याच्या आदल्या वर्षी थंडीने सहा नंबरचा कच्चा चुना भुसभुशीत केला होता आणि एकोणसत्तराव्या वर्षी तुम्ही पुन्हा त्या शिडीवर चढला होतात. एकदा तुमचा पाय सटकलेला मी पाहिला होता. तुम्ही ते मला कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही ढीग कालवलात, बरोबर, एकास तीन, आणि झाकायची पोती आणायला वर घरी गेलात. अकरा नंबरच्या अंगणात कोळशाच्या खोलीसाठी आणलेलं सिमेंटचं पोतं उघडं होतं. मी त्यातलं दोन मगभर सिमेंट घेतलं, ढिगात टाकलं आणि फावड्याने वरखाली केलं. हा सांधा थंडीत टिकेल, तुम्हाला पुन्हा चढावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही परत येऊन भरायला लागलात. "आज लवकर धरतंय गं," म्हणालात. मी म्हटलं, "थंडी आहे ना."

काल मी मिसेस सग्डेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं? माझ्या मांजरीनेसुद्धा मेलेला उंदीर इतके दिवस लपवला नसता, पोरी." मग चहा दिला, पण माझ्याशी फार बोलल्या नाहीत. पिकर्सगिलांनाही लेखी कळवलंय. येत्या सोमवारपासून बारीक छिन्नीने ते सिमेंट मी काढणार आहे, इंच इंच, दगडाला धक्का न लावता. नवा चुना तुमच्याशिवाय भरणार नाही. तुम्हाला मला तिथे उभं करायचं नसेल, तर दुसऱ्या कुणाला सांगा, मी बाजूला होईन.

आज सकाळी आत्याचा फोन आला. गुरुवारी ती तुम्हाला स्मृती तपासणाऱ्या डॉक्टरकडे नेतेय, आणि तुम्ही त्यांना सांगायला ओंबीची गोष्ट कागदावर लिहून ठेवलीय म्हणे. म्हणून हे पत्र त्याआधी पोचायला हवं. फोनवर सांगायचं म्हटलं, तर तुम्ही "असू दे गं" म्हणाल आणि मी तेवढ्यावर सुटेन. स्टेशनवर गाडी हलताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "मी ते कधी टाकलं, कितीही आठवलं तरी आठवत नाही, लिड." बाबा, तो कागद फाडून टाका. तुम्हाला ते आठवत नाही, कारण तुम्ही ते केलंच नाहीत.

तुमची करणी तेल लावून ठेवलीय.

तुमचीच,
लिडिया