नाडी कुणी बघायची

सोमवार, ३
झाले रुजू! घरून निघताना मावशीने दारातूनच बजावलं होतं, पहिल्या दिवशी तरी तोंड कमी चालव. रुग्णालय लहान आहे, पण व्यायामाची खोली बघून जीव हरखला. दोन लांब कठडे, पुरुषभर उंचीचा आरसा, पूर्वेला खिडकी. लकवा झालेल्यांना पुन्हा पायांवर उभं करायचं, हे माझं काम. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की इथे आपण सगळे एक टीम आहोत. ते ऐकून सिस्टर हसल्या, आहारवाल्या मॅडमही हसल्या. मग मीही हसले. त्या दोघींना हसू कशाचं आलं, ते मात्र कळलं नाही.

बुधवार, ५
माझे पहिले रुग्ण म्हणजे पॅसेजच्या टोकाच्या खोलीतले काका. जन्मभर बस चालवली. आता डावी बाजू लुळी, जीभ जड, जेवण नाकातल्या नळीतून. उजव्या हाताची पकड मात्र अजून स्टिअरिंगवर असल्यासारखी! मला मास्तरीणबाई म्हणतात आणि व्यायाम चुकवायला शाळकरी पोरासारखे बहाणे करतात. लेक दुपारी येते. तिचा एकच प्रश्न, बाबा चालतील ना? मी म्हटलं, चालतील म्हणजे काय, चालवणारच.
बाहेर सिस्टर कुणाला तरी सांगत होत्या, आत मालीशवाली आहे, थांबा. एवढी वर्षं हाडं-स्नायू घोकले ते मालीशवाली म्हणवून घ्यायला! मावशी म्हणाली, गिळ. गिळलं.

सोमवार, १०
काका बोलेनासे झालेत. पाय थंडगार. पावलावरची नाडी कितीदा चाचपली, लागलीच नाही. मीटिंगमध्ये सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले की नाडी बघायला सिस्टर आहेत, तुम्ही सांधे बघा. सिस्टर म्हणाल्या, मशीनवर नाडी छान दिसते, मी रोज लिहिते. मॅडम म्हणाल्या, नळीतून सगळा आहार उतरतोय, तक्रार कसली? मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टर घड्याळ बघत होते.
कुणी काकांना हात लावतं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. नवीन आहे ना मी.

गुरुवार, १३
आज काकांना बसवताना त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. ठेवून राहिले. श्वास हाताला लागला नाही.
बोटाला लावलेला मशीनचा चिमटा काढला. आकडे तसेच चालू! चिमटा माझ्या हातात, आणि पडद्यावर काकांची नाडी उत्तम.
धावत सिस्टरकडे गेले. मशीनला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, सिस्टरच्या नोंदी व्यवस्थित आहेत, उगाच घबराट करू नका. पालथ्या घड्यावर पाणी. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.
चिमटा परत लावायला गेले, तर काकांनी माझा हात घट्ट धरला. मेलेला माणूस हात धरतो का? मग माझंच चुकलं असेल.
चुकलंच असेल.

शनिवार, १५
काका उभे राहिले. आपणहून.
लेक रडली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. सिस्टर पहिल्यांदा मला फिजिओ मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.
पण मी खाली वाकून त्यांचं पाऊल सरळ करत होते. पोटरीवर माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला, तो भरून आलाच नाही. वर पाहिलं. काकांची पापणी लवत नव्हती.
हे कुणाला सांगू? आज कुठे जरा मान मिळाला.

सोमवार, १७
वास येतोय. फिनाइलने जात नाही.
सिस्टरनाही आला. मशीन बाजूला सारून त्यांनी स्वतः काकांच्या छातीला कान लावला. उठल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. माझा दंड धरून म्हणाल्या, तू सांगत होतीस गं, तू सांगत होतीस.
दोघी डॉक्टरांकडे गेलो. ते बाहेरगावी. उद्या येतील.

मंगळवार, दुपार
सगळे जमलो होतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. खूप वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, "हे तर गेलेत. केव्हाच."
काकांनी मान वळवली. जिभेचा जडपणा कुठल्या कुठे. स्पष्ट विचारलं,
"मग मला कुणी सांगायचं होतं?"
डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी मॅडमकडे, मॅडमनी माझ्याकडे.
मग सगळे पळाले. मी नाही. माझं डावं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

दार बाहेरून लावलंय. फोन व्यायामाच्या खोलीत. ही वही कोटाच्या खिशात होती, उजवा हात मोकळा आहे. लिहिणं थांबवलं तर त्यांच्याकडे बघावं लागेल —

मी ओरडले. बाहेर आहेत सगळे. आवाज ऐकू येतोय. दार कुणी उघडायचं यावर — डॉक्टर म्हणतायत वॉर्ड सिस्टरचा — सिस्टर म्हणतायत, तुम्ही सांगितल्याशिवाय कशी —

बोटं बधिर झाली डाव्या हाताची. निळी —

काका म्हणतायत, मास्तरीणबाई, तुला तर कळलं होतं.

हो. कळलं होतं. मी सांगितलं होतं त्यांना, काका, मी सगळ्यांना सांगितलं, फक्त तुम्हाला —

काका उठले. मलाही ओढतायत. पाऊल बरोबर पडतंय, आधी टाच, मग