दोघींच्या हातावरचा फोड

तासगाव, मंगळवार, ३ ऑगस्ट १९४३

काल लिहिलं ते चुकलं. दादा मला पंचमीला न्यायला आला आणि सासूबाईंनी त्याला एकट्यालाच परत पाठवलं, तेव्हा जाऊबाई दाराआड हसत होत्या, असं लिहिलं. त्या हसत नव्हत्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत नुसत्या बघत होत्या. पण ‘धाकटी भावाला सांगती, इथं पोटाला मिळत न्हाई’ हे खोटं त्यांनीच सासूबाईंच्या कानात घातलं. ते खोडणार नाही.

आज पहाटे जाऊबाई आणि मी समोरासमोर दळायला बसलो. म्हणाल्या, “ओढ की गं. भावासंगं जोर बी म्हायेरी धाडलास व्हय?” खुंट्यावर हात सरकला तेव्हा त्यांच्या तळव्यावरचा फोड दिसला. माझा आहे तिथंच, अंगठ्याखाली. त्यांना न्यायला कुणीच येत नाही, आईबाप नाहीत. म्हणून माझंही माहेर तोडायचं? कीव येते, आणि राग तसाच राहतो. त्यांना रडवल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. हे लिहितानाही तो फोडच दिसतो आहे.

चुगली करणार नाही, नाहीतर मी त्यांच्यासारखीच. खोटं का सांगितलंत, हे तोंडावर विचारणार. पंचमीला जातं बंद, म्हणून आदल्या दिवशी दुप्पट दळण. मध्येच उठता येत नाही. त्यांचा हात खुंट्यावर दाबून धरीन. फोड दोघींचे दुखतील, तरी उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाही. उद्या, बुधवारी.