न मांडलेली दुरुस्ती

एडिनबरा,
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय मर्डो,

तुम्ही सगळे बरे असाल. इशबेलचा गुडघा कसा आहे? तिला सांग, माळ्यावर सारखी चढउतार करू नकोस, घरात दोन हातांचा धडधाकट नवरा आहे. मी इथे ठीक आहे. तू पाठवलेलं मारग कालच संपवलं. इथल्या दुकानात मिळतं त्या रक्ताच्या सॉसेजला मारग म्हणायची लाज वाटते.

रविवारी पत्र लिहायला बसले आहे. आई असती तर प्रभूच्या वारी काम नको म्हणत पेन हातातून काढून घेतलं असतं. पण आज घरात कशातच जीव लागत नाही. चर्चला जाऊन आले, पण प्रवचनातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. दोनदा चहाला आधण ठेवलं आणि दोन्ही वेळा विसरले.

गुरुवारी तू फोन केलास तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून हे. तुम्ही सगळे बंदरावरच्या हॉलमध्ये पडद्यावर बघत होता, माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या, म्हातारा टॉर्किल तर म्हणाला की पोरगी बापासारखी बोलते. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

भाषण मी मनापासून केलं. शिंपल्यांसाठी समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी आणणाऱ्या या कायद्यातून दहा मीटरहून लहान बोटींना वगळा, ही दुरुस्ती माझ्याच नावावर होती. तुम्ही मला निवडून पाठवलंत. तुमचं म्हणणं सभागृहात ऐकवणं हे माझं काम, आणि ते मी चोख केलं. तुझ्या एकट्या 'क्रिस्टीना' बोटीवर किती जणांची घरं चालतात तेही सांगितलं.

पण इथली रीत अशी, की दुरुस्तीवर चर्चा आधी होते आणि ती मताला टाकायची पाळी खूप नंतर येते. पाळी आली की अध्यक्ष नाव पुकारून विचारतात, मांडणार की नाही मांडणार. मी म्हणाले, "नाही मांडत."

मला वाटलं, विषय तिथेच संपला. सात वर्षं आमदार आहे आणि साधा नियम विसरले. मूळ आमदाराने नाही म्हटलं, तरी दुसरा कुणीही उभा राहून तीच दुरुस्ती मांडू शकतो. मला कैचीत पकडायला समोरच्या पक्षाचा ड्रमंड उभा राहिला. त्याने उभ्या आयुष्यात शिंपला फक्त ताटात पाहिलाय. माझ्याकडे बघून गालात हसला आणि म्हणाला, "मी मांडतो."

मग मतदान. पुढचं तुम्ही पाहिलंत. दोन्हीकडे सारखी मतं पडली, आणि अशा वेळी अध्यक्षांनी आपलं मत दुरुस्तीच्या विरोधात टाकायचं, असा इथला रिवाज आहे. दुरुस्ती पडली. तासाभराने अख्खं विधेयक मंजूर झालं.

तू फोनवर म्हणालास, "पक्षाने तुझे हात बांधले होते ना, पेगी? आम्हाला कळतं गं. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि मी नुसतं "हं" म्हटलं. तेव्हापासून ते "हं" मला टोचतंय.

कुणाचं मत कुठे पडलं ते नावानिशी छापून येतं, मर्डो. तू एव्हाना वाचलंही असशील. नसशील तर बंदरावर कुणीतरी वाचून दाखवेलच, आणि तुम्ही सगळे पुन्हा तेच म्हणाल, बिचारीवर दबाव होता.

दबाव नव्हता. मतदानाआधी आमचा प्रतोद चहाच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुझ्या बेटांचा प्रश्न आहे. तू हवं तसं मत दे, तुला कुणी जाब विचारणार नाही." माझे हात मोकळे होते. मी विरोधात मत दिलं. बटण चुकून दाबलं नाही. दुसरं दाबलं असतं तर दुरुस्ती पास झाली असती.

वसंतात तू समितीपुढे साक्ष द्यायला आलास. लग्नातला कोट घालून आला होतास आणि छान बोललास. म्हणालास, आम्ही समुद्र नांगरतो, नांगरल्याशिवाय पीक येत नाही. तू जेवायला गेल्यावर पाणबुड्यांनी समितीला चित्रफीत दाखवली. आपल्याच खाडीची होती. लोखंडी दातांचं जाळं वर्षानुवर्षं ओढून तळाशी काही उरलेलं नाही. नुसती रेव, फुटके शिंपले आणि त्यांत फिरणारा एक खेकडा. बाबा आपल्याला त्याच पाण्यावर हेरिंग मासे मोजायला शिकवायचे. मी बघत राहिले. संध्याकाळी तू विचारलंस, कसं झालं, तर मी म्हणाले, उत्तम.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा चेहरा बघून धीर झाला नाही.

आणि लंडनवर आशा ठेवू नकोस. आमच्या कायद्यावर राजाची मोहोर उठायच्या आधी चार आठवडे तिथले सरकारी वकील तो कोर्टात नेऊ शकतात, हे खरं आहे. टॉर्किल म्हणे आता लंडनचे गोडवे गातोय. ऐकून हसू आलं, त्याचा अर्धा जन्म लंडनला शिव्या घालण्यात गेला. पण किनाऱ्यालगतचा समुद्र इथल्या आमच्या विधानसभेच्या अधिकारात येतो. ते हात लावणार नाहीत. कायदा होईल. 'क्रिस्टीना'चं जाळं तुला उतरवावं लागेल.

बोट गेली तर तू काय करशील, हे मला माहीत नाही. पाण्यात उतरून हाताने शिंपले काढणाऱ्यांना परवाने मिळतील, पण पन्नाशीला आलेल्या भावाला डुबकी मारायला शिक म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? अनुदानाचं कलम घालायला मी भांडले. ते मिळालं, पण तुटपुंजं आहे.

तरी उद्या पुन्हा मतदान झालं तर मी तेच बटण दाबेन. हे लिहिल्याशिवाय पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

नववर्षाला घरी यायचं फेरीबोटीचं तिकीट काढलेलं आहे. येऊ की नको, ते तू ठरव. नको म्हणालास तरी मी समजेन. एवढंच कर, बंदरावर कुणी म्हणालं की बिचारीचे हात बांधले होते, तर माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.

तुझ्याविरुद्ध मत दिलेली,
तुझीच बहीण,
पेगी