खिडकी नंबर दोनचा महाभाग

२ जून
बस कंपनीचं जुनं दप्तर आजपासून माझ्या हवाली. नकाशे, तिकिटांचे नमुने, फोटो, तक्रारवह्या. सगळं स्कॅन करायचं, मग लोकांसाठी प्रदर्शन. साहेब म्हणाले, नीट पार पडलं तर रिटायरमेंटनंतर दोन वर्षं एक्स्टेन्शन. म्हणजे मिळालंच. रोज शंभर पानं!

५ जून
स्कॅन : सात पानं. धूळ फार. शिवाय न वाचता स्कॅन करणं म्हणजे इतिहासाचा अपमान.

११ जून, दुपारी
तक्रारवह्या वाचून हसून हसून पोट दुखलं. तीस वर्षांपूर्वी चौकशीच्या खिडकी नंबर दोनवर कुणी महाभाग बसायचा. मान वर न करता उत्तर द्यायचा, दुसऱ्यांदा विचारलं की खेकसायचा, रांग लागलेली असताना निवांत नखं कापायचा. एका शिक्षिकाबाईंनी तर त्याच्यावर पानंच्या पानं भरलीत. स्कॅन : शून्य.

१२ जून
दोन नंबरला पाळीपाळीने आम्ही दोघंच असायचो, मी आणि एक ढिम्म सहकारी, त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. म्हणजे महाभाग तोच. बिचारा! पण इतिहासात भीडभाड नको. सगळ्या तक्रारी मोठ्या करून भिंतीवर लावणार. ही म्हणाली, आधी पाळ्या तपासा. हिला संशोधनातलं काय कळतं?

१९ जून
पाळीपत्रक सापडलं. सगळ्या तक्रारी माझ्या पाळीतल्या. तेव्हाचे कारकून पाळीपत्रक भरताना अगदीच निष्काळजी होते.

२६ जून
एकूण स्कॅन : एकोणतीस. मोजकंच, पण निवडक. शिक्षिकाबाईंचा पत्ता लागला, उद्घाटन त्यांच्याच हस्ते. कल्पना माझी. साहेबांनी पाठ थोपटली. एक्स्टेन्शन खिशात.

३० जून, संध्याकाळी
तुफान गर्दी. दारावर मी जातीने उभा. लोक काहीबाही विचारत होते, पण मला यादी तपासायची होती. एक म्हाताऱ्या बाई अर्धा तास आधीच आल्या. वेळ अकराची, म्हणून उन्हात थांबवलं. साहेब धावत आले तेव्हा कळलं, उद्घाटनाच्या बाई याच. मी म्हटलं, आधी सांगायचं ना! बाईंनी चष्मा सारखा करून मला नीट पाहिलं.

"अजून इथेच का तुम्ही?"

ओळख ठेवली म्हणून मला बरंच वाटलं.

मग अभिप्रायवही उघडली. पहिल्याच पानावर बाई : "प्रदर्शन उत्तम. दारावरचे गृहस्थ मात्र तेच आहेत."

उद्या वही साहेबांच्या टेबलावर जाणार. पान फाडायला हात शिवशिवले. पण कुणी फाडू नये म्हणून पानांवर नंबर मीच घातलेत, शाईने.