कलोईला गेलेली पारडी

भैणी, वैशाख पौर्णिमा

चि. सौ. राजबालेस दादीचे अ. उ. आ.

तुझं पत्र धरमबीरनं वाचून दाखवलं. मग मी अक्षर लावत पुन्हा वाचलं, कारण तुझा भाऊ अर्धं गाळतो. पारडीला हगवण लागली, तिला घेऊन माघारी येते, म्हणतेस. पारडीच्या आडून कोण रडतंय, ते कळतं मला. लग्नात दिलेलं जनावर परत येत नाही, आणि नवी सून श्रावणातल्या तीजेच्या सणाआधी माहेरी येत नाही.

सुनेच्या माहेरची पारडी वाळली तर लोक नावं ठेवतील, म्हणून सासूबाई तिला बादलीभर दूध आणि वर तूप पाजतात ना? त्यांना माझा रामराम सांग. म्हणावं, असा पाहुणचार जावयाचा करतात. नुसत्या दुधावर रवंथाचं मोठं पोट वाढत नाही. तूप बंद, दूध थोडं. मीठ-गुळाचं पाणी पाज. मूठभर भरडलेला जव आणि कोवळं वाळलं गवत पुढ्यात ठेव. रवंथ करू लागली की जगली समज.

तिची आई, आपली कुंढी म्हैस, इथे वेशीकडे तोंड करून ओरडते. पान्हा चोरते. तुझ्या हाताची सवय लावून गेलीस, आता आम्ही भोगतोय.

वेळेवर जेव. माया आहे तशी ठेव.
दादी


कलोई, ज्येष्ठ लागला

ती. दादीस राजबालेचा शि. सा. न. वि. वि.

हगवण थांबली, पण पारडी जवाला तोंड लावत नाही. मान जमिनीला टेकून पडते, माझं बोट चोखते. सासूबाई म्हणाल्या, तुझी दादी काय गुरांची डॉक्टर लागून गेली?

इथे घुंघटातून मी माणसं पायांवरून ओळखते. ओळखीचा आवाज एकट्या पारडीचा, तोही बारीक होत चाललाय. ती गेली तर मी इथे कुणाशी बोलू? भैयाला पाठव, दादी.

तुझ्या पायांशी जागा राहू दे.
राजबाला


भैणी, ज्येष्ठ

चि. सौ. राजबालेस अ. उ. आ.

भैया येणार नाही. तुमची म्हातारी म्हैस रवंथ करत बसली की तिच्या तोंडातला घास काढ आणि पारडीच्या जिभेमागे ठेव. दुधाला लागतं तसं पोटालाही विरजण लागतं. एकटीनं जमायचं नाही. जबडा धरायला सासूला बोलाव. नाक मुरडेल, मुरडू दे.

तीजेला धरमबीर येईल घ्यायला. कडुनिंबावर तुझ्यासाठी तीजेचा झोका आताच बांधून घेतलाय. दोर तपासायला मीच बसून पाहिलं. हसू नकोस.

आठवण धरून अस.
दादी


कलोई, आषाढ

ती. दादीस शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंनी ओढणी नाकाला बांधून जबडा धरला. म्हशीनं मान झटकली आणि त्या शेणात बसल्या. सासरे ओट्यावर होते तरी मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. तसंच रोज केलं. काल तिन्हीसांजेला पारडीचा जबडा हलायला लागला, तोंडात काहीच नसताना. मी ओरडले. सासूबाई मनगट धरून धावत आल्या. पडताना ते मुरगळलंय.

आता जव खाते, पण माझ्याच हातून. गोठाही माझ्याकडेच आलाय. म्हणून तीजेला येत नाही. सासूबाई जा म्हणाल्या, मीच नको म्हटलं. रागावू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
राजबाला


भैणी, श्रावण

चि. सौ. राजबालेस अ. उ. आ.

रागावू कशाला? तीजेआधी यायचं नाही असं मीच लिहिलं होतं. तू तर तीजेलाही येत नाहीस. शहाणी झालीस.

धरमबीरबरोबर तीजेचा खाऊ, घेवर आणि सुहाळी, पाठवते. सासूला दे, तू खा. पारडीला चाटवू नकोस, पोट पुन्हा बिघडेल.

कुंढी आता ओरडत नाही. आंबोण ठेवलं की कुणाच्याही हाताला दूध देते. बरं असतं जनावरांचं.

शेजारच्या पोरी झोका मागायला आल्या होत्या. दोर कच्चा आहे, सांगितलं मी.

दादी