भोक नसलेली ट्यूब

अण्णा, आज मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे, आणि तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली म्हणून हा राग काही कमी होणार नाही. वायू गाळणाऱ्या मऊ पडद्यांवर काम करते मी. दोन महिने संगणकावर एकच गणित मांडते आहे आणि दोन महिने वायूचे रेणू पडद्याच्या छिद्रांशी अडून बसलेत. प्रयोगशाळेत मात्र तोच वायू तोच पडदा आरामात ओलांडतो. डोकं पिकलं माझं. शेवटी आज कळलं, गणित सोपं व्हावं म्हणून मी छिद्रांच्या भिंती दगडासारख्या घट्ट धरल्या होत्या. त्या हलू दिल्या की क्षणभर फट पडते, रेणू पुढे सरकतो, फट मिटते.

आणि हे तुम्ही पूर्णेला, स्टेशनच्या रस्त्यावर, पंक्चर काढता काढता सांगत होतात! हवा टिकत नाही म्हणून कुणी ट्यूब आणली, की तुम्ही ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवायचात. एक बुडबुडा नाही. दुसरा कुणी परत देऊन मोकळा झाला असता. तुम्ही ती फुगवून खिळ्याला टांगायचात, तिच्याभोवती दोरा घट्ट बांधायचात आणि आतली हवा कमी होऊन तो सैल पडेपर्यंत गिऱ्हाइकाला दोन-दोन दिवस हेलपाटे घालायला लावायचात. आई वैतागायची, "लोकायला सायकल पायजे, तुमचा दोरा न्हाई."

मी नववीत होते. चुडाव्याहून येणारे आमचे विज्ञानाचे सर ट्यूब न्यायला आले, मीही तुमचा डबा घेऊन तिथेच उभी. तुम्ही खिळ्याकडे तोंड करून सांगत होतात, "सर, भोक न्हाई, तरी हवा जायलीय. रबर आतून हलायलंय, हवा वाट काढायलीय." मागून फिसकन हसू ऐकू आलं. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. ट्यूब सरांना दिलीत आणि पुन्हा कधी दोरा बांधला नाहीत. "शिकलेला माणूस हसला," एवढंच घरी म्हणालात. सरांच्या नमस्काराला मरेपर्यंत उत्तर दिलं नाहीत.

अहो, भांडायचं तरी! "मंग हवा गेली कुठून, सांगा," म्हणायचं. दोन दिवस दोऱ्याकडे बघत बसणारा माणूस एका हसण्यापुढे गप्प कसा बसतो?

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. सर हसले नव्हते, अण्णा. ते विचारात पडले होते. लेक हसेल, हे तुमच्या मनातही आलं नाही.