मनगटाची दोरी

मूल, जि. चंद्रपूर
११ सप्टेंबर २००३

प्रिय मुखरू,

दुकानाचं शटर अर्धं ओढून भरदुपारी लिहायला बसलो आहे. नूरीला वाटतं मी घड्याळांची कामं उरकतो आहे. परवा तुमच्या गावच्या एसटीडीवर तुझा फोन आला आणि तू ओरडत होतास, तेव्हा मी तिथेच, लच्छूच्या मागे उभा होतो. रिसीव्हर लच्छूच्याच कानाला आहे हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा शब्द न् शब्द मला ऐकू आला. "दारू पिऊन डोंग्यावर गेला अन् माह्या बापाचा हात घालवून बसला. त्याले घरात घेऊ नका." लच्छूने रिसीव्हर कानापासून दूरसुद्धा केला नाही. सगळं ऐकलं, ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून तुझा धाकटा भाऊ घरी जेवलेला नाही. शाळेच्या व्हरांड्यात बसून असतो. काकू ताट घेऊन जातात आणि तसंच परत आणतात.

आधी पोचूकाकांचं सांगतो. काल चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. हात राहिला आहे, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हलत नाहीत. मनगटातली शीर तुटली, म्हणाले डॉक्टर. भात कालवता येईल, जाळं फेकता येणार नाही. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "मंग डाव्या हातानं फेकता येते का?" मला तिथे थांबवेना. पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो.

तुला ठाऊक आहे, हा जाळ्याचा नाद मला दोन वर्षांपूर्वी लागला. काका गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले होते. मी ते उघडून बसलो तोवर त्यांनी पिशवीतून अर्धवट जाळं काढलं आणि बाकावर बसून विणायला लागले. बांबूची सुई, बांबूचीच एक पट्टी, बोटं आपोआप चाललेली. घड्याळ राहिलं बाजूला, मी त्यांच्या बोटांकडेच बघत बसलो. पुढच्याच शुक्रवारी दुकान बंद ठेवून तुमच्या गावी गेलो आणि म्हणालो, काका, मला शिकवा. ते हसले. "तुले काय मासोया माराच्या आहेत का बाबू?" मारायच्या नव्हत्याच. चष्मा लावून दिवसभर बारीक चक्रांत डोळे घालणाऱ्या माणसाला मोठं काहीतरी हाताने करायचं होतं, एवढंच. नूरी म्हणायची, लोक पत्ते खेळतात, आमचे हे जाळं विणतात.

पहिल्या तीन महिन्यांत माझं सगळं विणकाम उसवलं गेलं. नायलॉनची गाठ सरकते, ती दुहेरी घ्यावी लागते, हे काकांनी शंभरदा सांगितलं असेल. मग हात बसला. या वर्षी उन्हाळाभर मी फेकायचं मोठं जाळं विणलं, कडेला शिशाचे मणी ओवले. काकांनी ते अंगणात पसरून जाळीचं एकेक घर बोटाने तपासलं. एकही चूक निघाली नाही. ढिवर मोहल्ल्यातल्या चार लोकांना बोलावून त्यांनी सांगितलं, पाहा, घड्यायवाल्यानं केलं हे. मुखरू, माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्या कामाचं असं कौतुक कधी केलं नाही. मी म्हणालो, हे जाळं तुमचंच, काका. फेकणाऱ्याच्या हातात अडकवायची मनगटाची दोरी तेवढी लावायची राहिली होती. ती घरून लावून आणतो म्हणालो.

गेल्या शुक्रवारी ते जाळं पहिल्यांदा पाण्यात पडणार होतं. घाटावर मी, लच्छू आणि काका, तिघांनी टपरीवर चहा घेतला. लच्छू माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. तो प्यायलेला नव्हता. हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. वैनगंगेला गढूळ पाणी होतं, वरून लाकडं वाहून येत होती. लच्छू बांबूने डोंगा रेटत होता, काका पुढे उभे. मी काठावरून बघत होतो. तीन वेळा जाळं फेकलं, तिन्ही वेळा ते ताटासारखं गोल उघडलं. काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला.

चौथ्यांदा जाळं पाण्याखालच्या झाडात अडकलं. डोंगा प्रवाहाने पुढे, जाळं मागे. दोरी ताणून मनगटात रुतली आणि काका ओणवे झाले. ते डाव्या हाताने मनगट सोडवत होते, सुटत नव्हतं. लच्छूने बांबू टाकला आणि सुरी घेऊन धावला, तेवढ्यात डोंगा कलंडला. दोघेही पाण्यात. मी काठावरून ओरडत होतो. मला पोहता येत नाही, हे तुला माहीतच आहे. लच्छू दोनदा वर आला आणि दोनदा परत खाली गेला. तिसऱ्यांदा दोरी कापून काकांना केसांना धरून वर आणलं. काठाला लागल्यावर तो धड उभाही राहू शकत नव्हता, झोकांड्या खात होता. उशिरा धावत आलेल्या लोकांनी तेवढंच पाहिलं. तो प्यायला होता ही बातमी तिथून निघाली आणि तुझ्यापर्यंत पोचली.

आता जे लिहायचं ते लिहितो. काकांच्या जुन्या जाळ्यांची मनगटाची दोरी मोठ्या सैल कड्याची असते. बोटं मिटली की हात बाहेर. घरामागच्या मैदानात मी फेकायचा सराव करायचो, तेव्हा ते सैल कडं माझ्या हातातून दरवेळी निसटायचं आणि लोक हसायचे. म्हणून माझ्या जाळ्याला मी सरकता फास लावला, ओढलं की आवळणारा. काकांना दाखवला नाही. त्यांनी भरवशावर हात घातला. काल खाटेपाशी आम्ही दोघंच होतो. मी पाय धरले आणि बोलणार, तोच ते म्हणाले, "मले समजलं होतं रे, पाण्यातच समजलं. पण तू बोलू नोको. लच्छू घरचा आहे, त्याचं लोक विसरतीन. तू बाहेरचा, अन् जातीनं मुसलमान. तुले नाई विसरनार." मुखरू, त्यांनी स्वतःच्या पोराला माझ्या जागी उभं केलं, मला वाचवायला. आणि शुक्रवारपासून गप्प असलेला मी आणखी एक अख्खा दिवस गप्प बसलो. त्या दिवसाची लाज मला फासापेक्षाही जास्त वाटते. उद्या शुक्रवार. सकाळच्या एसटीने तुमच्या गावी जातो आहे. आधी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन लच्छूला सांगेन, मग घाटावर सगळ्यांना. पुढे जे होईल ते होईल. नूरीला आज संध्याकाळी सांगतो. माझ्याविषयी तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण हे वाचून झालं की त्याच एसटीडीवर फोन कर आणि लच्छूला बोलावून घे. ज्याने तुझ्या बापाला पाण्यातून वर आणलं, त्याच्याशी एकदा नीट बोल.

तुझाच,
फैज